परत न गेलेली भांडी

आमच्या घरमालकीण काकूंच्या स्वयंपाकघरातली निम्म्याहून जास्त भांडी दुसऱ्यांची होती. चोरीची नव्हेत, गैरसमज नको. संक्रांत, ईद, बुद्धपौर्णिमा, कुणाचं बारसं, कुणाच्या पोराला लागलेली नोकरी, काहीही झालं की गल्लीतून काहीतरी भरून यायचं. आतलं काकूंच्या पोटात जायचं आणि भांडं काकूंच्या मांडणीवर. ते काही परत जायचं नाही.

संभाजीनगरला सिडकोतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती. वैजापूरहून आलेली मी त्या खोलीत चार वर्षं भाड्याने राहिले. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी होती. दिवसभर लोकांचं रक्त बाटल्यांत घ्यायचं, प्रत्येक बाटलीवर नाव चिकटवायचं, काम झालं की टाकून द्यायचं. त्यामुळे असेल, पण मला पसारा बघवत नाही. स्वतःच्या घरातला नाहीच, दुसऱ्याच्या घरातलाही बघवत नाही, आणि हाच माझा दुर्गुण. माझी आई म्हणायची, हिला देवळात सोडलं तर देवांच्या मूर्ती उंचीप्रमाणे लावेल.

राहायला आले त्याच संध्याकाळी खालून काकूंची हाक आली. "पोरी, पळ लवकर, साळवे वहिनी जळायल्यात!"

मी अनवाणी जिना उतरले. बघते तर काकू गुडघा धरून खुर्चीत बसलेल्या आणि गॅसवर एका पातेल्यात वरण बुडाला लागत होतं. पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं होतं, 'सौ. साळवे'. मी गॅस बंद केला.

"वाचल्या," काकू म्हणाल्या. "बुद्धपौर्णिमेला खीर घेऊन आल्या व्हत्या. लई गोड बाई हाय."

मग कळलं की त्या घरात भांड्यांना भांडी म्हणत नाहीत. कढई म्हणजे जाधवीण. परात म्हणजे बँकवाल्या मॅडम. जाड बुडाची पतीली म्हणजे मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी खाला. "जाधवीण घासून ठेव गं." "बँकवालीत कणीक मळायलीय, थांब जरा." नव्या माणसाला वाटावं, या बाईने अख्खी गल्ली नोकरीला ठेवलीय.

जेवायच्या ताटांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. आज एकीचं ताट, उद्या दुसरीचं. कुणाला वाईट वाटायला नको. मी संध्याकाळी विचारायचे, "काकू, जेवलात का?" तर म्हणायच्या, "जेवले की, बँकवालीकडं." असं सांगायच्या की जणू खरंच साडी बदलून तिच्याकडे जाऊन आल्यात. मी हसायचे. एखादं ताट धुताना त्याच्याशी बोलायच्याही. "सुनेचं पटतंय का गं तुझ्या? परवा आवाज येत व्हता." ताट काय बोलणार. काकू थोडं थांबायच्या, मग ते फडक्याने पुसून मांडणीवर उभं करायच्या.

घरात दुसरं माणूस नव्हतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. एकुलता मुलगा पुण्याला. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी न चुकता फोन करायचा, तब्येत विचारायचा, गोळी घेतली का विचारायचा. पण फोन संपला की समोर अख्खा दिवस असायचा, आणि तो दिवस काकूंना एकटीलाच ढकलायला लागायचा.

आमच्याकडे नळ आठवड्याने यायचा. त्या दिवशी काकूंचा थाट बघावा. टाकी भरायची, ड्रम भरायचा, आणि मग गल्लीतली एकूण एक भांडी मांडणीवरून उतरायची. पातेली, वाट्या, गडू, डबे, सगळ्यांत पाणी. ओट्यावर, फरशीवर, खिडकीत, पाय ठेवायला जागा नाही. मी चिडायचे. एवढी मोठी टाकी भरलेली असताना वाटीत पाणी कशाला? काकू म्हणायच्या, "त्यांनी बी पाणी प्यावं की. पाहुणे हायेत माझे."

"पण काकू, परत का नाही करत एकदाचं?" असं मी पहिल्या वर्षी दहा वेळा तरी विचारलं असेल.

"रिकामं भांडं परत देऊ नाय. बरकत जाती."

"मग भरून द्या."

"भरून द्यायला कायतरी चांगलं नगं का? करते की. जरा गुडघा थांबू दे."

गुडघा काही थांबला नाही. मला वाटायचं, आळस आहे. म्हातारपणाचा विसरभोळेपणा आहे. गल्लीला मात्र तसं वाटत नव्हतं. गल्लीला वाटायचं, म्हातारी भांडी दाबून बसते. मग गल्ली शहाणी झाली. दुसऱ्या दिवाळीला फराळ आला तो कागदाच्या ताटल्यांत आणि प्लास्टिकच्या पातळ डब्यांत. खाऊन फेकून द्या, कटकट नको. आणून देणाऱ्या बायाही फाटकातूनच देऊन जायच्या.

काकूंनी ते प्लास्टिकचे डबे धुतले, उन्हात वाळवले आणि मला हाक मारली. "तुझ्या लॅबातली ती चिकटपट्टी असती ना नावाची, ती आण बरं थोडी."

"कशाला?"

"यांच्यावर नावंच नायत गं. कोण कुणाचं, समजंना."

मी पट्ट्या आणल्या. काकू सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. साळवे. जाधव. बँकवाल्या मॅडम. रक्ताच्या बाटलीवर नाव लिहितात तसं चकलीच्या डब्यावर लिहिलं. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. दवाखान्यात मी सगळ्यांना रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. आज ती गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

एक खाला तेवढी अजून खऱ्या भांड्यात द्यायची. आणि दर शुक्रवारी दुपारी फाटकापासूनच ओरडत यायची, "क्या अम्मा, हमारी पतीली दबाके बैठे क्या? देते के नै देते?"

"देते ना गं, बस की जरा. आली नाय तर लागली मागायला."

"पिछले जुम्मे को भी यैच बोले थे."

मग चहा व्हायचा. खालाच्या सुनेची तक्रार, काकूंचा गुडघा, कापडाचे भाव, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं. दोन तासांनी खाला उठायची आणि रिकाम्या हाताने निघून जायची. पतीली मांडणीवर तशीच. मला वाटायचं, हीसुद्धा विसरभोळीच आहे.

चौथ्या वर्षी मुलाचा मला फोन आला. दिवाळीत तो आईला नवं स्वयंपाकघर करून देणार होता. ट्रॉल्या, वर कपाटं, पांढरा ओटा. "आई भांड्यांना हात लावू देत नाही हो. तुमचं ऐकते. तेवढं रिकामं करून घ्याल का?"

मला काय, आयतं कोलीत मिळालं. मी दोन दिवसांची रजा टाकली. मोबाइलवर आवराआवरीचे व्हिडिओ बघून ठेवले होते. वर्षभर हात लागला नसेल ते घराबाहेर. पदर खोचला, मांडणी उतरवली, माळा उपसला. फरशीवर चार ढीग घातले. ठेवायचं, द्यायचं, भंगार आणि परत करायचं. चौथा ढीग काकूंच्या कमरेएवढा झाला. बेचाळीस भांडी! त्यातली काही तर माझ्या जन्माआधीची असावीत.

काकू पाटावर बसून बघत होत्या. मला वाटलं होतं भांडतील. भांडल्या नाहीत. ढिगातली एक वाटी पदराने पुसत म्हणाल्या, "देऊ म्हणतीस सगळी?"

"द्यायलाच पाहिजेत ना, काकू. लोकांची आहेत."

"व्हय, लोकांची तर हायेत." मग म्हणाल्या, "पण रिकामी नाय हं जाणार एकबी."

तीन दिवस त्या घरात शेंगदाणे भाजत होते. दाण्याचे लाडू, बेचाळीस भांड्यांत, लहान भांड्यात दोन, मोठ्यात पाच. काकूंना गुडघ्याचं दुखणं आठवलंच नाही. चौथ्या दिवशी, रविवारी, त्यांनी ठेवणीतलं इरकल नेसलं, फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या, आणि मी पिशव्या घेऊन दारोदार निघाले. परत आले की त्या विचारायच्या.

"काय म्हणली साळवे वहिनी?"

"थँक्यू म्हणाल्या. खूश झाल्या."

"आत ये म्हणली का?"

"घाईत होत्या."

"बरं. अन् जाधवीण?"

"ती म्हणाली, अगंबाई, मी तर दुसरी कढई घेतली कधीच."

"येते म्हणली का इकडं?"

लोक वाईट नव्हते. भांडं बघून हसले, लाडू काढून घेतले, दार लावलं. कुणाच्या मनात काही नव्हतं. पाचव्या-सहाव्या घरानंतर मी खोटं बोलायला लागले. "येते म्हणाल्या, काकू. सवडीने येते म्हणाल्या." काकूंनी मान हलवली. त्यांना खोटं कळत होतं, असं मला आता वाटतं.

बँकवाल्या मॅडमच्या ओट्यावर एका पितळी वाटीत मेथ्या भिजत घातलेल्या दिसल्या. वाटीवर काकूंचं नाव होतं. लग्नातली असणार, अक्षरं झिजली होती. मी उत्साहाने परत येऊन सांगितलं, "काकू, तुमची वाटी त्यांच्याकडे आहे! मागून आणू?"

"नगं!" काकू एवढ्या जोरात बोलल्या की मी दचकले. "राहू दे ती तिथंच. माझं बी कायतरी असू दे ना कुणाच्या घरी."

आणि शेवटी खालाचं घर. खाला मशीनवर बसली होती. मी पतीली पुढे केली, आत पाच लाडू. ती पतीलीकडे बघतच राहिली. मशीन थांबवलं.

"ये काहेको लाई तू?"

"तुमची आहे ना. दर शुक्रवारी मागायला येता."

"अरे पगली," खाला म्हणाली. रागावली नव्हती, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. "पतीली होना तो कब की ले जाती मैं. घर में चार-चार हैं. अब क्या बोल के जाऊँ उनके घर?"

मी तिथे उभी राहिले आणि मला पहिल्यांदा समजलं की मी काय आवरून टाकलं होतं.

दिवाळीत नवं स्वयंपाकघर झालं. देखणं झालं, खोटं कशाला बोलू. ट्रॉली ढकलली की आवाज न करता आत जायची. त्या सगळ्या खणांत काकूंची स्वतःची म्हणून दोन पातेली, एक तवा, दोन ताटं आणि चार पेले. मी संध्याकाळी विचारायचे, "जेवलात का काकू?" तर म्हणायच्या, "जेवले." कुणाकडे ते सांगायच्या नाहीत. नळ आला की टाकी भरायची आणि बंद करायच्या. खाला शुक्रवारी यायची, पण फाटकातून ओरडत नाही, पाहुण्यासारखी बेल वाजवून. दोघी समोरासमोर अवघडून बसायच्या. तिसऱ्या शुक्रवारी खाला एका पातेल्यात बिर्याणी घेऊन आली आणि जाताना मुद्दाम पातेलं विसरली, तेव्हा कुठे दोघींचं बोलणं रुळावर आलं.

मी काही कमी शहाणी नव्हते. माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं वेगळं आणि रोज खाली जाऊन बसणं वेगळं. माझ्या मागे ड्युट्या होत्या, परीक्षा होती. ती परीक्षा पास झाले आणि सिल्लोडच्या सरकारी दवाखान्यात कायमची जागा मिळाली. निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा. काकू माझ्या सामानाच्या खोक्यांभोवती घुटमळत होत्या. "एखादं भांडं राहू दे की वर. तुला काय कमी पडंल?"

"काकू, तुमचंच घर कसं सुटसुटीत झालंय, आता माझा पसारा कशाला?" मी हसत म्हणाले. हे शब्द मला पाठ आहेत. नको असताना पाठ आहेत.

सिल्लोडला सामान लावताना लक्षात आलं, आईने दिलेला स्टीलचा डबा नाही. वैजापूरच्या बाजारातून आईने माझं नाव घालून घेतलेला, मी पहिल्यांदा घर सोडून निघाले तेव्हा शेंगदाण्याची चटणी भरून दिलेला. मी फोन लावला.

"काकू, माझा डबा राहिला का तिकडं?"

"हाय ना. ठेवलाय जपून." आवाजात अपराधी असं काही नव्हतं, उलट एवढा आनंद की विचारू नका. खोक्यातून काढूनच घेतला होता बाईने. "ये न्ह्यायला. कवा येतीस?"

"येते पुढच्या रविवारी."

सिल्लोड ते संभाजीनगर, एसटीने दीड-दोन तास. तो रविवार गेला, मग पुढचा गेला. माझं लग्न झालं, पत्रिका पाठवली, काकूंना प्रवास झेपला नाही. कामासाठी शहरात चार-पाच वेळा आले, स्टँडवरूनच परत फिरले. सिडको वाटेत होतं, बसच्या खिडकीतून वळण दिसायचं. सुरुवातीला काकूंचा महिन्याला फोन यायचा, "डबा हाय गं तुझा." मग यायचा बंद झाला. सिल्लोडच्या बाजारात मी दुसरा डबा घेतला आणि माझ्यापुरता प्रश्न मिटवला. अशी तीन वर्षं गेली.

मग काकूंच्या मुलाचा फोन आला. घर विकलं होतं. आई पुण्याला येणार. "सगळं सोडलं हो आईनं. एक डबा सोडत नाही. बरोबर नेऊ म्हटलं तर तेही नाही. म्हणते, ज्याचा त्याच्या हातात देणार. उद्या सकाळी आम्ही निघतोय."

मी त्याच दिवशी गेले. घरात भिंती आणि पिशव्या उरल्या होत्या. स्वयंपाकघरात काकू प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, फारच लहान झालेल्या. पांढऱ्या ओट्यावर माझा डबा, बाकी काही नाही.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "आज रविवार व्हय?"

बुधवार होता.

"घे तुझा डबा."

उचलला तर जड. झाकण काढलं. दाण्याचे लाडू, गच्च भरलेले, भाजलेल्या दाण्यांचा आणि गुळाचा ताजा वास.

"कधी केलेत?"

"परवा."

"पण मी येणार हे तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"कुठं माहीत व्हतं? पंधरा दिसाला करतेच मी. तू आलीस अन् डबा रिकामा निघाला तर कसं दिसंल? जुने खाला न्ह्यायची नातवंडास्नी."

पंधरा दिवसांनी एकदा, तीन वर्षं. हा हिशोब मी परतीच्या बसमध्ये करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला. तिथे ओट्यापाशी मला फक्त रडू आलं. डबा पुन्हा ओट्यावर ठेवत मी म्हणाले, "काकू, हा राहू द्या तुमच्याकडेच. पुण्याला न्या. मी येते तिकडं न्यायला. खरंच येते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"नगं पोरी," त्या म्हणाल्या. "लई दमले मी आता. न्हे तुझा तू."

खुर्चीचा आधार घेत उठल्या, माझ्या पिशवीत स्वतःच्या हाताने डबा ठेवला आणि चेन ओढली. काकूंनी आपल्या मनाने कुणाचं भांडं परत केलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

तेवढ्यात खाला आली. पतीलीतून चहा घेऊन आली होती, कारण घरात चहालासुद्धा भांडं नव्हतं. चहा झाल्यावर तिने पतीली विसळली, पुसली आणि काकूंच्या प्रवासाच्या पिशवीत घातली. "ले के जाओ अम्मा. मैं आती पूना, लेने."

काकूंनी ती ठेवून घेतली. एका शब्दाने नाही म्हणाल्या नाहीत. वर त्यांचा एक मऊ टॉवेल नीट गुंडाळला, पतीलीला पोचा येऊ नये म्हणून.

काकूंच्या मुलाकडून कळतं की खाला दोनदा पुण्याला जाऊन आली. दोन्ही वेळा पतीली न घेताच परतली.

मीही जाणार आहे. डबा ओट्यावरच ठेवलाय, लगेच हाताशी असावा म्हणून. रिकामा ठेवलेला नाही. आतले लाडू परवाच केलेत.